सरकारी पाळतीची गुपितं पेपरात फोडणं: स्नोडेनचं काय चुकलं, काय बरोबर?

कोयनाकाठ (धागालेखक)

एडवर्ड स्नोडेनला लोक एक तर मखरात बसवतात, नाही तर सुळावर चढवतात. मला दोन्ही जमत नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडक्यात, कारण अनेकांना नाव आठवतं पण प्रकरण आठवत नाही. ५ जून २०१३ ला 'गार्डियन'ने अमेरिकेतल्या एका गुप्त न्यायालयाचा आदेश छापला. व्हेरायझन या फोन कंपनीने आपल्या ग्राहकांच्या सगळ्या कॉलची नोंद, म्हणजे कोणी, कोणाला, कधी, किती वेळ, ही रोजच्या रोज एनएसए या गुप्तचर संस्थेला द्यायची, असा तो आदेश. संशयितांचीच असं नाही, सरसकट. दुसऱ्या दिवशी 'प्रिझम'ची बातमी आली: गूगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट वगैरेंकडून एनएसएला मिळणारी माहिती. ९ जूनला हाँगकाँगच्या हॉटेलातून २९ वर्षांच्या स्नोडेनने 'कागद मी दिले' असं जगाला सांगितलं. हवाईत तो एनएसएच्या कंत्राटदार कंपनीत कामाला होता.

फोनच्या नोंदींचा कागद बाहेर आला ते झ्याक झालं, असं माझं मत. तीनच महिने आधी, १२ मार्चला, सिनेटर रॉन वायडन यांनी गुप्तचर संचालक जेम्स क्लॅपर यांना भर सुनावणीत विचारलं होतं, की लाखो अमेरिकनांची कसली माहिती एनएसए गोळा करते का? प्रश्न आदल्या दिवशीच पाठवलेला होता. तरी उत्तर आलं, 'नाही'. वायडनना खरं काय ते ठाऊक होतं, पण ते गुप्त असल्यामुळे 'हे खोटं आहे' म्हणायची सोय नव्हती.

पण हाच स्नोडेन हाँगकाँगमधल्या 'साउथ चायना मॉर्निंग पोस्ट'ला सांगतो की एनएसए चीनमधले संगणक फोडते. अहो, त्यासाठीच तर तिला पगार मिळतो! ते सांगून कुठल्या अमेरिकन नागरिकाचा कुठला हक्क वाचला?

तर, अशी गुपितं पत्रकारांना देणं कधी योग्य, कधी नाही? 'देशद्रोही' आणि 'हिरो' एवढ्यावरच थांबणारे प्रतिसाद नकोत, ही विनंती.

खमंग_काकडी

पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलोय. धागा शतक मारणार.

सुभेदार_निवृत्त

मी उमेदीची सगळी वर्षे सिग्नल्समध्ये काढली, त्यामुळे तटस्थ नाही हे आधीच सांगतो.

गुपित राखण्याच्या कागदावर सही करताना कोणी हात धरलेला नसतो. सही केली की विषय संपला. प्रत्येक जवान 'मला पटत नाही' म्हणून कागद पेपरवाल्यांना देऊ लागला तर कुठल्याच देशाची फौज चालणार नाही.

दुसरी गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आपण शत्रूचे ऐकतो हे त्याला कळले की तो त्याच रात्री पद्धत बदलतो. जे ऐकायला उभे करण्यात वर्षे गेली, ते एका बातमीत जाते. या नुकसानीचा आकडा छापता येत नाही, म्हणून नुकसान झालेच नाही असे म्हणणे सोपे जाते.

तिरपागडा

@सुभेदारकाका, मग कारगिलच्या टेपांचं काय करायचं? मे १९९९ मध्ये मुशर्रफ बीजिंगमधून रावळपिंडीला जनरल अझीझशी फोनवर बोलले, ते आपण पकडलं. आणि ११ जूनला आपल्याच सरकारने त्या टेपा पत्रकारांना ऐकवल्या! ती लाईन त्याच दिवशी गेली असणार. ते कोणी फोडलं? सरकारने. मग ते 'मुत्सद्देगिरी' ठरतं. शिपायाने फोडलं की द्रोह, साहेबांनी फोडलं की धोरण.

सुभेदार_निवृत्त

@तिरपागडा, त्यावर आमच्यातही वाद झाले होते. हातचे साधन घालवले असे म्हणणारे होते आणि पाकिस्तानी लष्कराचा हात जगापुढे आला हे जास्त मोलाचे असे म्हणणारेही होते. पण तो निर्णय निवडून आलेल्या सरकारने घेतला. उद्या चुकला तर लोक त्याला खाली खेचू शकतात. हवाईतल्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याला कोणी निवडून दिले होते?

वाचनमात्र_होते

सुभेदारांचा प्रश्न नेमका आहे. कोणीतरी नीट उत्तर द्या, मी वाचतेय.

वकिलीणबाई

प्रयत्न करते. आज तारखा नाहीत, त्यामुळे लांबण लागेल.

'निवडून कोणी दिलं' याचं उत्तर 'कोणीच नाही' असंच आहे. पण ज्यांना निवडून दिलं, त्यांनाच अंधारात ठेवलं असेल तर? वायडनचं उदाहरण धाग्यातच आहे. खटला चालवावा तर न्यायालय गुप्त, तिथे समोरची बाजू नाही, फक्त सरकारी वकील. आपल्यावर पाळत आहे हे सिद्ध करता येत नाही म्हणून तुमचा दावाच उभा राहत नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत, म्हणजे गौप्यस्फोटाच्या जेमतेम काही महिने आधी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेचा दावा नेमका याच मुद्द्यावर काढून टाकला होता. तो कागद बाहेर आला आणि मग कुठे लोकांना कोर्टाचा दरवाजा उघडला. मे २०१५ मध्ये अपील न्यायालय म्हणालं की फोनच्या नोंदींची ही घाऊक वसुली कायद्यात बसत नाही. जूनमध्ये कायदा बदलला.

आता 'वरिष्ठांकडे का गेला नाही' हा नेहमीचा प्रश्न. टॉमस ड्रेक गेला होता ना! एनएसएमधलाच मोठा अधिकारी. आधी वरिष्ठ, मग संरक्षण खात्याचे महानिरीक्षक, संसदेच्या समितीतले लोक, सगळे उंबरे झिजवले. शेवटी बाल्टिमोरच्या एका वार्ताहराशी बोलला, तर २०१० मध्ये त्याच्यावर हेरगिरीच्या कायद्याखाली आरोप. खटला कोलमडला आणि एका किरकोळ गुन्ह्याच्या कबुलीवर मिटला, पण नोकरी गेली ती गेलीच. स्नोडेनने हे पाहिलं होतं.

'परत येऊन खटल्याला सामोरं जा' असं म्हणणाऱ्यांसाठी: १९१७ च्या त्या हेरगिरी कायद्यात 'मी हे लोकहितासाठी केलं' असा बचाव ज्युरीपुढे मांडायची मुभाच नाही. कागद दिलास का? हो. अधिकार होता का? नाही. झालं, पुढची तारीख शिक्षेची. व्हिएतनाम युद्धाचे गुप्त कागद, म्हणजे 'पेंटॅगॉन पेपर्स', पेपरांना देणारा डॅनियल एल्सबर्ग खटल्याला उभा राहिला, असं उदाहरण देतात. तो सुटला कारण निक्सनच्या माणसांनी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाचं ऑफिस फोडलं होतं, ते उघड झालं आणि १९७३ मध्ये न्यायाधीशांनी खटलाच मोडीत काढला. निर्दोष ठरून नव्हे.

खमंग_काकडी

दंडवत घ्या, वकिलीणबाई. फी किती?

मेरीलँडची_माई

मी राहते तिथून एनएसएचं मुख्यालय, फोर्ट मीड, गाडीने फार लांब नाही. आमच्याकडच्या गणपतीत कोणी 'कुठे काम करता' विचारलं आणि समोरचा नुसतं 'फेडरल' म्हणून मोदकाकडे वळला, की आम्ही पुढे विचारत नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो अमेरिकन चर्चेत कधी येतच नाही. २०१३ मध्ये इथे टीव्हीवर सगळ्यांचा एकच आक्रोश, 'अमेरिकन नागरिकांवर पाळत!' अध्यक्षसाहेब दिलासा देतात, 'तुमचे फोन कोणी ऐकत नाहीये'. तुमचे म्हणजे कोणाचे? प्रिझम चालतं ते २००८ च्या कायद्यातल्या कलम ७०२ खाली. त्यात लक्ष्य कोण करता येतं? अमेरिकेबाहेर असलेली, अमेरिकन नसलेली व्यक्ती. एकेका माणसासाठी वॉरंट लागत नाही. 'परकीय गुप्तवार्ता' मिळावी एवढं कारण पुरतं.

म्हणजे मी मेरीलँडमध्ये बसून सुरक्षित, आणि सांगलीत माझ्याशी बोलणारी आई कायद्याच्या दृष्टीने उघड्यावर. आईला सांगितलं तर म्हणाली, ऐकू देत की, तेवढाच कोणीतरी माझ्या गुडघ्याचं पूर्ण ऐकून घेईल.

त्याच कागदांत एनएसएचा एक नकाशा होता. मार्च २०१३ या एका महिन्यात भारतातून ६.३ अब्ज नोंदी. इराण, पाकिस्तान, जॉर्डन, इजिप्त आणि मग आपण, पाचवे. कोयनाकाठ, तुम्ही म्हणता अमेरिकन नागरिकाचा हक्क कुठला वाचला. पण तुम्ही कुठे अमेरिकन आहात? तुम्ही कऱ्हाडला बसून एनएसएच्या बाजूने हिशेब मांडताय!

तिरपागडा

माईंनी षटकार मारला. +१००

डबल_बी_ई

'नुसती कॉलची नोंद, बोलणं नाही' यावर लोक सहज समाधान मानतात, म्हणून थोडं. आमच्या वाड्यात एका घरातून आठवडाभरात पुढचे फोन गेले असं धरा: वधुवर सूचक मंडळ, मग नाशिकचा एक नवा नंबर तीनदा, मग मामा, मग गुरुजी, मग सराफ. एक शब्दही न ऐकता अख्ख्या वाड्याला कळतं ना? आता सराफाच्या जागी कर्करोगाचा डॉक्टर, वकील किंवा पत्रकार घाला.

बाकी माझ्यासाठी सगळ्यात मोठा कागद ऑक्टोबर २०१३ चा. गूगल आणि याहूच्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या खासगी वाहिन्यांतून ब्रिटिश गुप्तचर संस्था जीसीएचक्यू आणि एनएसए माहिती उचलत होते. पुढच्या दाराने कायदेशीर प्रिझम, मागच्या बाजूने हे. त्या स्लाईडवर पिवळ्या चिठ्ठीसारख्या कागदावर हाताने काढलेली आकृती आहे: इकडे इंटरनेट, तिकडे गूगलचा ढग, मध्ये बाण, 'एसएसएल (म्हणजे माहितीचं कुलूप) इथे लावलं-काढलं जातं', आणि शेजारी हसरा चेहरा! कोणाच्या तरी हातून सहज निघालेला तो स्मायली बघून गूगलचे इंजिनियर जाहीर शिव्या देत होते. त्यानंतर कंपन्यांनी आतल्या वाहिन्याही कुलूपबंद केल्या. २०१६ मध्ये व्हॉट्सॲपवर संपूर्ण एन्क्रिप्शन आलं, तेही याच हवेत. त्यामुळे 'काही बदललं नाही' हे मला मान्य नाही.

कोयनाकाठ

@मेरीलँडची_माई, मुद्दा पोचला. पण मग त्याच न्यायाने भारताने पाकिस्तानवर पाळत ठेवू नये असं म्हणावं लागेल. परक्यांवर पाळत सगळेच ठेवतात. माझा प्रश्न घाऊकपणाचा नाही, चीनला सांगण्याचा आहे. आणि पुढे माणूस गेला कुठे? रशियात! सप्टेंबर २०२२ मध्ये पुतिनने नागरिकत्व दिलं, युक्रेनवर हल्ला चालू असताना. पाळतीविरुद्ध लढणारा माणूस तिथे सुखाने राहतो, हे घशाखाली उतरत नाही.

डबल_बी_ई

तो रशियात राहायला गेला नव्हता. २३ जून २०१३ ला मॉस्कोमार्गे पुढे जायचं होतं, पासपोर्ट अमेरिकेनेच रद्द केला. महिनाभराहून जास्त शेरेमेत्येवो विमानतळावर अडकला होता. आश्रय मागितलेल्या देशांत भारतही होता. आपण नाही म्हटलं. जुलैत बोलिव्हियाच्या अध्यक्षांच्या विमानात तो असेल या संशयाने ते विमान व्हिएन्नात उतरायला लागलं. देशाच्या अध्यक्षाची ही गत, तर याला कोण नेणार?

सुभेदार_निवृत्त

हाँगकाँगला जायचे तिकीट तरी त्यानेच काढले होते ना?

उपसंपादक_रात्रपाळी

थोडं पेपरवाल्यांच्या बाजूने, कारण सगळे स्नोडेनवरच बोलताहेत आणि धाग्याचं नाव 'पेपरात' असं आहे.

स्नोडेनने कागद इंटरनेटवर ओतले नाहीत. लॉरा पॉइट्रस, ग्लेन ग्रीनवाल्ड, 'वॉशिंग्टन पोस्ट'चे बार्टन गेलमन अशा मोजक्या लोकांना दिले आणि काय छापायचं ते तुम्ही ठरवा म्हटलं. 'पोस्ट'ने प्रिझमच्या ४१ स्लाईडपैकी सुरुवातीला मोजक्याच छापल्या. विकिलीक्सने २०११ मध्ये अमेरिकी वकिलातींच्या तारा नावं न झाकता सगळ्या खुल्या केल्या, तेव्हा आधी त्यांच्याबरोबर काम केलेल्या वृत्तपत्रांनीच निषेध केला होता. हा फरक मोठा आहे. चाळणी कोणाच्या हातात हे बघायला हवं.

पण चाळणीलाही भोकं असतात. २००५ च्या डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापलं की बुश सरकार वॉरंटशिवाय फोन ऐकतंय. ती बातमी त्यांच्याकडे वर्षाहून अधिक काळ तयार होती. सरकारने 'नका छापू' म्हटलं, यांनी थांबवली. मधल्या काळात २००४ ची अध्यक्षीय निवडणूक होऊन गेली! स्नोडेन त्या पेपराकडे का गेला नाही, याचं कारण तिथे आहे.

आणि लंडनचा तो प्रसंग. २० जुलै २०१३, 'गार्डियन'च्या इमारतीचं तळघर. सरकारने बजावलं होतं की संगणक नष्ट करा, नाही तर कोर्टात जातो. जीसीएचक्यूची दोन माणसं वह्या घेऊन उभी आणि पेपरची मंडळी ग्राइंडर आणि ड्रिल घेऊन हार्डडिस्क आणि सर्किटचे तुकडे करताहेत. कागदांच्या प्रती अमेरिकेत आहेत हे संपादकांनी सरकारला आधीच सांगितलेलं. तरी तुकडे करायलाच लावले. आमच्या धंद्यात प्रशासनाचे फोन येतात, जाहिराती बंद होतात, पण स्वतःच्या हाताने संगणक कापायला लावलेला अजून ऐकला नव्हता.

वाचनमात्र_होते

ग्राइंडरचं माहीत नव्हतं. वर्षानुवर्षे वाचनमात्र राहिले, आज आयडीची लाज राखत नाही. एक विचारते: अतिरेकी पकडले गेले का या फोनच्या नोंदींमुळे? तेवढं कळलं तर मत बनवता येईल.

वकिलीणबाई

सरकारने आधी ५४ कटांचा आकडा दिला. सिनेटमध्ये उलटतपासणी झाली तेव्हा फोनच्या नोंदींपुरता तो एक-दोनवर आला. जानेवारी २०१४ मध्ये सरकारच्याच देखरेख मंडळाने लिहिलं की ज्यात या कार्यक्रमाने ठोस फरक पडला असं एकही प्रकरण सापडलं नाही. उरलं ते सॅन दिएगोतल्या एका टॅक्सीचालकाचं, ज्याने सोमालियातल्या अल-शबाबला ८,५०० डॉलर पाठवले होते. त्याच खटल्यात २०२० मध्ये अपील न्यायालय म्हणालं की कार्यक्रम बेकायदा होता, आणि या तपासातल्या त्याच्या उपयोगाबद्दल अधिकाऱ्यांनी केलेले दावे गुप्त कागदांशी जुळत नाहीत. शिक्षा मात्र कायम राहिली.

कलम ७०२ चं तसं नाही, हेही सांगायला हवं. त्याच मंडळाने त्याचा उपयोग होतो असं म्हटलं आहे. २०२४ मध्ये त्याला दोन वर्षांची मुदतवाढही मिळाली. म्हणजे माईंच्या आईंचं कलम टिकलं, अमेरिकनांचं गेलं.

निवांत_नारळ

हे सगळं ठीक. आपल्याकडे काय? अमेरिकेच्या नावाने किती दिवस रडायचं? २०२१ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात फोन टॅपिंगच्या अहवालावरून ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवला गेला. तेव्हा एका पक्षाचे लोक 'गुपित फोडलं' म्हणत होते आणि दुसऱ्या पक्षाचे 'भ्रष्टाचार उघड केला'. सरकार बदललं की

तिरपागडा

@निवांत_नारळ, सरकार बदललं की वाक्य अर्धवट राहतं का? ह. घ्या.

संपादक_मंडळ

राज्यातल्या पक्षांवरचे सात प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळे धागे आहेत, तिथे एकमेकांचे कपडे फाडावेत.

वकिलीणबाई

पक्ष बाजूला ठेवून कायद्यापुरतं. अमेरिकेत गुप्त का होईना, न्यायालय आहे. आपल्याकडे फोन ऐकायचा आदेश गृहसचिव काढतो आणि सचिवांचीच समिती तो तपासते. न्यायाधीश कुठेच नाही. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली चौकट थोड्याफार फरकाने तीच चालू आहे. केंद्राकडून महिन्याला ७,५०० ते ९,००० आदेश निघतात, असं माहिती अधिकारातल्या एका उत्तरातून २०१४ च्या सुमारास बाहेर आलं. एका सहीमागे किती मिनिटं विचार होत असेल, तुम्हीच भागाकार करा.

पेपरवाल्यांच्या बाजूने एक चांगला निकाल आहे. राफेलचे कागद 'हिंदू'ने छापले तेव्हा सरकारने मार्च २०१९ मध्ये 'ते चोरीचे आहेत' म्हणून विचारातच घेऊ नका म्हटलं. १० एप्रिलला तिन्ही न्यायमूर्तींनी तो आक्षेप फेटाळला. छापू नका असं सांगणारा कायदाच दाखवता आला नाही. निकालात एल्सबर्गच्या पेंटॅगॉन पेपर्सचाही उल्लेख आहे.

पण हे झालं छापणाऱ्याचं. देणाऱ्याचं काय? १९२३ चा इंग्रजांचा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट अजूनही त्याच्या डोक्यावर.

बाबू_बिनखात्याचा

देणाऱ्याचं मी सांगतो. एका सरकारी कचेरीत आहे, नाव विचारू नका. खरेदीतल्या गोलमालाबद्दल वर लिहिलं. तक्रार 'योग्य कार्यवाहीस्तव' फिरत फिरत माझ्याच टेबलावर आली, ज्याच्याविरुद्ध होती त्याच्या शेऱ्यासकट. पुढच्या बदल्यांत माझं नाव पहिलं.

मी नशीबवान. सत्येंद्र दुबेंनी सुवर्ण चतुष्कोन रस्त्यातल्या भ्रष्टाचाराबद्दल थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं, नाव गुप्त ठेवा म्हणून विनंती केली. पत्र नावासकट खात्यांत फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत गोळ्या घातल्या. आपल्या तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी तर कागद फोडतही नव्हते, माहिती अधिकारात रीतसर मागत होते. जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला निघालेले असताना त्यांना मारलं. सुभेदारसाहेब, 'योग्य मार्गाने जा' म्हणताना तो मार्ग कुठून जातो तेही बघा.

सुभेदार_निवृत्त

@बाबू_बिनखात्याचा, तुमच्याबद्दल आदर वाटतो. भ्रष्टाचाराचे कागद आणि शत्रूचे संदेश ऐकण्याची पद्धत यांत मात्र मी फरक करतो आणि करत राहीन. पहिल्यात गुपित हे चोराचे असते, दुसऱ्यात देशाचे.

डबल_बी_ई

आणि सगळ्या नागरिकांच्या फोनच्या नोंदी? ते गुपित कोणाचं?

सुभेदार_निवृत्त

ते चोराचे. मान्य. त्या एका कागदाबद्दल मी त्याला शिक्षेत सूट दिली असती. बाकीच्यांबद्दल नाही. संसदेच्या गुप्तचर समितीने २०१६ मध्ये म्हटले की त्याने १५ लाख कागद उचलले आणि त्यातल्या बहुतेकांचा नागरिकांच्या खासगीपणाशी संबंध नव्हता. इतके कागद स्वतः वाचूनच दिले असे कोणी म्हणत असेल तर नमस्कार.

कोयनाकाठ

मूळ प्रश्नाकडे येतो. सुभेदार आणि वकिलीणबाई वाटतात तेवढे दूर नाहीत. लोकप्रतिनिधीला खोटं सांगितलं गेलं, कोर्टात जायची सोय नाही आणि पाळत आपल्याच लोकांवर सरसकट, एवढं जुळून आलं तर कागद द्यावा, आणि तो चाळणी लावणाऱ्या पत्रकाराला द्यावा. चीनच्या संगणकांचं मी अजूनही माफ करत नाही. माईंचा मुद्दा मात्र यात कुठे बसवायचा ते मला सुचत नाहीये, कारण परक्याचा लोकप्रतिनिधी तिथे नाहीच.

मेरीलँडची_माई

युरोपाने बसवला की! ऑस्ट्रियाच्या मॅक्स श्रेम्स या तरुणाने स्नोडेनच्या कागदांच्या आधारे फेसबुकविरुद्ध तक्रार केली आणि २०१५ मध्ये युरोपच्या न्यायालयाने अमेरिकेशी असलेला माहिती देवाणघेवाणीचा करारच रद्द केला. दुसरा केला, तोही २०२० मध्ये रद्द. धंदा अडायला लागला तेव्हा २०२२ मध्ये अमेरिकेने परकीयांसाठी तक्रारीचं एक न्यायालय काढलं. पण तिथे दाद मागता येते ती अमेरिकेने मान्यता दिलेल्या देशांतल्या लोकांना. युरोप आहे, ब्रिटन आहे. भारत त्या यादीत नाही.

२०१४ मध्ये 'पोस्ट'ने छापलं की एनएसएला ज्यांच्यावर पाळत ठेवायची परवानगी होती, त्या २०१० सालच्या यादीत भाजपचंही नाव होतं. तेव्हा दिल्लीने अमेरिकी अधिकाऱ्याला बोलावून जाब विचारला. पक्षाचं नाव आलं म्हणून. त्या ६.३ अब्ज नोंदींबद्दल आधीच्या सरकारचे परराष्ट्रमंत्री काय म्हणाले होते? की ही पाळत नाहीच, कॉलच्या नमुन्यांचा संगणकीय अभ्यास आहे.

निवांत_नारळ

आमच्या नोंदींवर त्यांचा अभ्यास, वा! बाबूसाहेब, आपल्याकडे व्हिसलब्लोअरांचा कायदा झाला होता ना?

बाबू_बिनखात्याचा

झाला. २०१४ च्या मे महिन्यात राष्ट्रपतींची सहीही झाली. लागू करायची अधिसूचना काढायची राहिली आहे. २०१५ मध्ये दुरुस्ती विधेयक आणलं, ते लोकसभेत पास झालं, पुढे अडलं. ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टमध्ये येणारी माहिती कोणी उघड केली तर संरक्षण नाही, अशी ती दुरुस्ती होती. म्हणजे कायदा लागू होण्याआधीच त्यातून स्नोडेन वगळून टाकला.

खमंग_काकडी

पॉपकॉर्न संपले. दुसरी पिशवी फोडू का, की फोडण्यावर इथे बंदी आहे?

संपादक_मंडळ

आधी वरिष्ठांना कळवा.